सोशल मीडियावर गमतीत लिहायचं आणि ब्रँडचा भारदस्तपणाही राखायचा, हे कसं जमवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फैजपूरला घरगुती केळी वेफर्स आणि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, व्यवसाय आहे. इन्स्टाग्राम भाची बघते, व्हॉट्सअ‍ॅप तुम्ही, आणि सणावाराला फेसबुकवर तुमचा भाऊ पोस्ट टाकतो. नाशिकच्या एका होलसेलवाल्याने पेज बघून विचारलं, "कंपनी आहे की पोरापोरांचा ग्रुप?" तर आता भाचीचं लिहिणं बंद करावं का?

बंद करू नका. मी जळगावातल्या काही दुकानांची पेजेस सांभाळतो, आणि गमतीमुळे गिऱ्हाईक तुटलेलं मला फारसं दिसलेलं नाही. तुमच्या पेजेसवर खटकतं ते निराळं आहे. इन्स्टावर "काय भावा", व्हॉट्सअ‍ॅपवर "डिअर कस्टमर" आणि फेसबुकवर "तमाम ग्राहक बंधू-भगिनींना". तीन माणसं तीन तऱ्हांनी बोलतात आणि मालक कोण तेच कळत नाही. होलसेलवाल्याने नेमकं तेच विचारलंय.

म्हणून आधी बोलणारा माणूस ठरवा. तुमच्या मालाला मला एक खानदेशी काकू शोभेल असं वाटतं. एप्रिल-मेच्या उन्हात बिबडे घालणारी, पाहुण्याला दोन घास जास्त वाढणारी, आणि हिशेबाला एकदम चोख. ही काकू भाचीशी थट्टा करते, व्यापाऱ्याशी भाव बोलते, कुणाच्या घरी वाईट झालं तर आवाज खाली आणते. पण प्रत्येक वेळी ती काकूच असते. तिघांपैकी कुणीही लिहायला बसलं तरी काकू हे असं बोलेल का, एवढंच बघायचं.

अमूलचं बघा. १९६६ पासून ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी होर्डिंगवर राजकारणापासून क्रिकेटपर्यंत सगळ्यांची फिरकी घेते, पण बटरच्या पाकिटावर वजन आणि किंमत सरळच छापलेली असते. मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले. हेल्मेट, पासवर्ड असल्या विषयांवर ते कोट्या करतात. रस्त्यावर पाणी तुंबलेलं असताना मात्र सूचना साध्या भाषेतच येते.

आता संबोधन. हे बारीक वाटतं, पण सगळ्यात आधी हेच नक्की करा. तुमच्यासाठी "भाऊ", "ताई" आणि कायम "तुम्ही". आपल्याकडे बोलीत वडीलधाऱ्यांनाही सहज "तू" म्हणून जातात, त्यात अनादर नसतो. पण पुण्यात बसून ऑर्डर देणाऱ्या बाईंना ते कसं कळणार? "सर-मॅडम" तर पूर्णच काढा, काकू असं बोलत नाही.

बोलीचा प्रश्न जरा नाजूक आहे. भाची रील्सना अहिराणी मथळे देते, "कसं शे भाऊ" वगैरे. छान वाटतं, धुळे-अमळनेरकडचे लोक खूश होतात. पण तुम्ही फैजपूरचे, यावल तालुक्यातले, लेवा बोलीच्या पट्ट्यातले. तिथला माणूस "केयी" (केळी) ऐकून आपलं म्हणेल, "शे" (आहे) ऐकून म्हणेल हे तिकडचं. मुंबई-पुण्याला सगळी खानदेशी एकच वाटते, आपल्याला नाही. तुमच्या घरात जी बोलतात तीच लिहा, आणि तीही रीलमध्ये, बोलताना किंवा मथळ्याच्या एखाद्या ओळीत. मालाचं नाव, वजन, भाव, ऑर्डर कशी द्यायची हे सगळं प्रमाण मराठीत. लोक शोधताना "केळी वेफर्स" असंच टाइप करतात. इन्स्टाग्रामच्या शोधात प्रोफाइलवरच्या नावाचे शब्दही धरले जातात, तेव्हा त्या जागी गंमत नको.

थट्टा कुठे थांबवायची याचा माझा नियम एवढाच, की समोरच्याचा पैसा किंवा पोट अडकलं असेल तिथे विनोद नाही. परवा तुमच्याच पेजवर एक तक्रार वाचली. बिबडे फुटून पोहोचले, ताईंनी फोटो टाकलाय. खाली उत्तर आहे, "कुरिअरवाल्याने बट्टी समजून आपटलं वाटतं ताई," आणि पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग. वाक्य मजेदार आहे, मीही हसलो. पण त्या ताईंचे पैसे गेले होते. तेच असं लिहिता आलं असतं:

"ताई, फोटो पाहिला, पाकिटातला अर्धा माल फुटलाय. दुसरं पाकीट उद्याच्या कुरिअरने निघेल, वेगळे पैसे द्यायचे नाहीत. पावतीचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. फुटलेले टाकू नका, तळून कच्चा कांदा आणि शेंगदाण्यांबरोबर खा, तसेही चांगले लागतात."

यात औपचारिकपणा कुठेच नाही, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" नाही, तरी नाशिकवाल्याने हे वाचलं तर त्याला भरवसाच वाटेल. बट्टीचा विनोद वाया घालवू नका. कुरिअरसाठी पॅकिंग कसं करतो याचं रील करा, तिथे तो चपखल बसेल.

सैल लिहिताना दावेही सैल होतात, तिकडे लक्ष ठेवा. "जगात भारी" चालतं, ते कुणी खरं मानत नाही. "शुगरवाल्यांना चालतं" हे मात्र काढून टाका; तळलेल्या केळ्याबद्दल असं गमतीतही लिहायचं नसतं. आणि "जीआय टॅगवाले वेफर्स" हेही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण ते केळीला आहे, वेफर्सना नाही. शिवाय ते नाव आणि चिन्ह मालावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. आपली केळी यावल-रावेरच्या बागांतली, एवढं लिहिलं तरी पुरे, आणि ते खरंही आहे.

सणांच्या पोस्टबद्दल भावाला एकच सांगा. कानबाई ही आपली खानदेशातली श्रावणात घरी बसवायची देवी, आणि रोट हा तिचा नैवेद्य; तिच्या पोस्टखाली "रोटांसोबत आमचे वेफर्स" असलं काही नको. रोट भाऊबंदांतच खायचे असतात, ज्याच्या घरी कानबाई बसते त्याला ते झोंबेल. शुभेच्छा द्या, घरातला फोटो टाका, त्या दिवशी विक्री नको. उन्हाळ्यावर हवी तेवढी मजा करा. पारा ४५ च्या आसपास गेला की भुसावळ-जळगावचा प्रत्येक माणूस कमेंट करतोच, आणि बिबडे वाळायलाही तेच ऊन लागतं. बिबड्यांचा घाटा (शिजवलेलं पीठ) शिजतोय, लसूण-तिळाचा वास सुटलाय, ओल्या कापडावर हात फिरतोय, असं दाखवणारं रील त्या आठवड्यात टाका.

हे सगळं एका पानावर लिहून तिघांच्या फोनमध्ये ठेवा. आपण कोण, गिऱ्हाइकाला काय म्हणतो, मालाची नावं कशी लिहितो ("बिबडे" की "बिबड्या", एकच काहीतरी), आणि कुठल्या गोष्टींवर विनोद करत नाही. पानभरापेक्षा मोठं केलंत तर कुणी वाचणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ठरलेली उत्तरं साठवून ठेवायची सोय आहे. भाव, पोहोच, तक्रार यांची उत्तरं काकूच्या भाषेत एकदा लिहून तिथे टाका, म्हणजे तुम्ही घाईत असलात तरी "डिअर कस्टमर" बाहेर पडणार नाही.

राहिला नाशिकवाला. त्याला रील्सशी देणंघेणं नाही, त्याला भाव, टिकण्याची मुदत, कमीत कमी किती माल घ्यावा लागेल आणि गाडीभाडं कुणाकडे हे हवंय. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट वर पिन करता येतात. त्यातली एक पूर्णपणे व्यापाऱ्यांसाठी ठेवा आणि तिच्यात अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरही द्या. दुसरीत माल कसा बनतो ते, तिसरी भाचीची सगळ्यात चाललेली. मग व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉग उघडून तिथले भाव आताच्या पाकिटावरच्या एमआरपीशी जुळतात का बघा. मी पाहिले तेव्हा दोन ठिकाणी जुळत नव्हते. ते दुरुस्त केल्यावरच त्याला पुन्हा लिंक पाठवा.