वाचक विचारतात : बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचाय

स्तनातल्या गाठींवर आलेल्या पत्रांत यंदा एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली: सुईचं दुखणं एका दिवसात जातं, पण रिपोर्टची वाट पाहणं जीव खातं. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या वाचकांच्या काही प्रश्नांना शल्यचिकित्सक, पॅथॉलॉजिस्ट आणि समुपदेशक यांनी मिळून दिलेली ही उत्तरं. नावं छापलेली नाहीत.

वय ४४, जुळे सोलापूर. उजव्या बाजूला गाठ लागली म्हणून मॅमोग्राफी, सोनोग्राफी केली. त्यावर ‘बायरॅड्स ४ए’ लिहिलंय. गुरुवारी दुपारी बायोप्सी झाली, रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाले. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला इतके दिवस का? काही लपवताहेत का? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. नणंद म्हणते, वाईट मनात आणू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते. त्याने आणखीच धास्ती बसते.

ताई, आधी त्या ‘४ए’चं बघू. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफी-सोनोग्राफीच्या चित्रावरून कर्करोगाची शंका किती, हे सांगणारी आकड्यांची पट्टी. ४ या आकड्याचा अर्थ ‘शंका आहे, तुकडा तपासा’ एवढाच. त्यात ए, बी, सी अशा पायऱ्या आहेत. ४ए मध्ये कर्करोग निघण्याची शक्यता २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५० आणि ४सी मध्ये ५० ते ९५ टक्के धरतात. म्हणजे तुमच्यासारखा शेरा असलेल्या १०० जणींपैकी ९० किंवा त्याहून जास्त जणींच्या तुकड्यात कर्करोग सापडत नाही. फायब्रोअॅडिनोमा म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ निघते, तंतुमय बदल निघतात, कधी जुनी सूज निघते. उरलेल्या काहींसाठीच ही सगळी खटपट असते, म्हणून शक्यता कमी असली तरी बायोप्सी टाळत नाहीत.

आता आठवडा का लागतो ते. रक्त यंत्रात घातलं की आकडा येतो. मांसाच्या तुकड्याचं तसं नाही, त्याला आधी टिकवावं लागतं. तुमचे तुकडे १० टक्के फॉर्मलिनच्या बाटलीत पडले. स्तनाच्या तुकड्यांना त्यात किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास ठेवायचं असा नियम आहे. घाई करून ते कमी वेळ ठेवले, तर पुढे हार्मोनची चाचणी करायची वेळ आली की ती खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते आणि उपचारच चुकतो. फॉर्मलिननंतर तुकडे रात्रभर यंत्रात राहतात. तिथे अल्कोहोल त्यातलं पाणी काढतं, झायलीन ते अल्कोहोल काढतं आणि त्या जागी वितळलेलं मेण भरतं. मेणाची वडी थंड झाली की तिचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे पापुद्रे कापून काचेवर घेतात, गुलाबी-जांभळा रंग देतात, आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सगळं सुरळीत झालं तरी यात दोन-तीन दिवस जातात. तुमचा तुकडा गुरुवारी दुपारी गेलाय, मध्ये रविवार आहे. बाहेरगावच्या लॅबला पाठवला असेल तर कुरिअरचे एक-दोन दिवस धरा.

कधी पॅथॉलॉजिस्टला वडीतून आणखी खोलवरचे पापुद्रे हवे असतात, कधी दुसऱ्या सहकाऱ्याला काच दाखवायची असते. ही सावधगिरी साध्या गाठीतही होते. उशीर झाला म्हणजे वाईटच निघालं, हे गणित अजिबात धरू नका.

मात्र उशिराबद्दल विचारायचा हक्क तुम्हाला आहे. उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून चार गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा: रिपोर्ट कोणत्या वारी अपेक्षित आहे, तो कोणाकडे येणार, मला कोण सांगणार, आणि त्या वारी आला नाही तर मी कोणत्या नंबरवर किती वाजता फोन करायचा. त्याच फोनमध्ये रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशीची भेटीची वेळ घेऊन टाका. ‘आला की कळवू’ या उत्तरावर फोन ठेवू नका. दिवसभर मोबाइल हातात धरून बसण्याचं मूळ त्या उत्तरातच असतं.

नणंदबाईंना मनापासून तुमचं बरंच व्हावंसं वाटत असेल, पण त्यांचं म्हणणं इथे लागू नाही. गाठ काय आहे हे सुई लागली त्याआधीच ठरलेलं आहे. तुम्ही रडलात, घाबरलात, वाईटसाईट स्वप्नं पाहिलीत, तरी काचेवरच्या पेशी बदलणार नाहीत. तेव्हा ‘पॉझिटिव्ह राहा’चं ओझं डोक्यावर घेऊ नका.

रात्रीसाठी एक युक्ती चालते, पण ती संध्याकाळी सुरू करावी लागते. सहा वाजता दिवाबत्तीच्या आधी २० मिनिटं काढा आणि वही घेऊन बसा. डावीकडे ‘डॉक्टरांना विचारायचं’, उजवीकडे ‘आज उत्तर नाही’. मनात येईल ते सगळं या दोनपैकी एका बाजूला लिहा. मुलीच्या दहावीचं काय, पैसे कुठून, केस जातील का, सगळं. २० मिनिटांनी वही बंद. रात्री तोच विचार परत आला तर ‘हे वहीत आहे’ म्हणायचं. पहिले दोन दिवस हे खुळ्यासारखं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच जणींना उपयोग होतो. अंथरुणात २० मिनिटं झोप आली नाही तर उठा, मंद उजेडात बसा, मनात चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा, असं पाच मिनिटं करा. दुपारी तीननंतर चहा बंद. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. त्यातल्या काही गोळ्यांची सवय फार लवकर लागते. गोळीची गरजच पडली तर डॉक्टर लिहून देतील. आणि रात्री अगदीच असह्य झालं तर १४४१६ हा सरकारचा टेलीमानस नंबर २४ तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

इंटरनेटवर शोधायचं नाही असं आम्ही सांगितलं तरी तुम्ही शोधणारच. निदान रिपोर्ट हातात येईपर्यंत उपचारांबद्दल वाचू नका. झालेला नाही त्या आजाराची औषधं वाचून काय मिळणार?

विडी घरकुल परिसरातून लिहिते, वय ५१. पुढच्या बुधवारी बायोप्सी आहे. शेजारणी म्हणतात, गाठीला सुई लावली की ती चवताळते, पसरते. घरात तेलुगू बोलतो, दवाखान्यातलं सगळं समजत नाही. नेमकं काय करतात?

सुईने गाठ चवताळत नाही. तपासणीच्या सुईमुळे रोग्याचं आयुष्य कमी होतं असं कुठेही दिसलेलं नाही. हा समज पसरण्याचं कारण असं की पूर्वी गाठी फार उशिरा दाखवल्या जात. सुई लागेपर्यंत आजार पुढे गेलेला असे आणि दोष सुईला मिळे. खरं नुकसान सुई टाळून लेप आणि शेक देण्यात महिने घालवल्याने होतं.

बुधवारी काय होईल ते सांगतो. उपाशी राहायची सहसा गरज नसते, तरी आदल्या दिवशी विचारून घ्या. पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुडता घाला. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, मात्र आपल्या मनाने बंद करू नका. टेबलावर आडवं करून हात डोक्याशी ठेवायला सांगतात. जागा पुसून बधिर करायचं इंजेक्शन देतात. चुरचुरतं ते इतकंच, काही सेकंद. मग २-३ मिलिमीटरचा छेद घेतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई गाठीपर्यंत नेतात आणि कळ दाबतात. ‘खट्’ असा मोठा आवाज येतो. पुष्कळ जणी त्या आवाजालाच दचकतात आणि हलतात, म्हणून डॉक्टरांना म्हणा, ‘दाबायच्या आधी सांगा.’ साधारण ४ ते ६ तुकडे घेतात, एकेक तुकडा पेन्सिलीच्या शिशाइतका जाड. नंतर दहा मिनिटं घट्ट दाबून धरतात. टाका बहुधा लागत नाही. अर्ध्या तासात मोकळं.

भाषेसाठी सोबत मोठं माणूस न्या: बहीण, जाऊ, शिकलेली सून. शाळेतल्या नातीला दुभाषी करू नका. तिला हे ऐकावं लागू नये आणि लाजेपायी तुम्ही निम्मं बोलणार नाही.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. छोट्या दवाखान्यात तुकड्यांची बाटली पुष्कळदा नातेवाइकांच्या हातात देतात, ‘एवढी लॅबला पोचवा’ म्हणून. घेण्याआधी बाटलीवर नाव, वय, डावी की उजवी बाजू, तारीख आणि वेळ लिहिली आहे का बघा. आत फॉर्मलिन आहे ना, विचारा. साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये तुकडे खराब होतात. झाकण उघडू नका, वास झोंबतो. घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवायची नाही, की मे महिन्यात उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत विसरायची नाही. त्याच दिवशी, सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या झेरॉक्ससह पोचवा. पॅथॉलॉजिस्टला तो कागद मिळाला नाही तर त्यांना अर्धी माहिती हाताशी नसताना मत द्यावं लागतं.

मोहोळ. आईचं वय ६८. बायोप्सी झाली, रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअॅपवर येणार आहे. वाईट निघाला तर तिला कळू द्यायचं नाही असं मामांचं ठरलंय. मला पटत नाही, पण मोडायचं कसं?

मामांना विचारू नका, आईला विचारा, आणि रिपोर्ट यायच्या आधी विचारा. ‘आई, डॉक्टर जे सांगतील ते तुलाच सांगू दे, की आधी मला?’ एवढं पुरे. काही बाया म्हणतात, तूच बघ बाबा. काही म्हणतात, माझं शरीर आहे, मला कळायला हवं. तिने जे सांगितलं ते मामांना सांगा. मग वाद तुमच्याशी राहत नाही. लपवणं तसंही टिकत नाही. ऑपरेशनच्या संमतीवर सही तिची लागते आणि वॉर्डातली शेजारीण दुसऱ्याच दिवशी विचारते, ‘तुम्हाला कुठला कॅन्सर?’

पीडीएफ आली की बस स्टँडवर, कामावर, रात्री अकराला उघडू नका. लॅबला सांगा की आधी डॉक्टरांना पाठवा. आत्ता ‘काही नसतं गं, उगाच घाबरतेस’ हे वाक्य टाळा. त्याने ती गप्प होते, भीती जात नाही. ‘भीती वाटणारच, आपण दोघं जाऊ’ म्हणा, आणि तिच्यासोबत पालेभाजी निवडत बसा. पाहुण्यांच्या फोनसाठी घरातला एकच माणूस नेमा.

होटगी रोड. रिपोर्टमध्ये कर्करोग आहे म्हणून लिहिलंय, पण खाली ‘आयएचसी करावी’ असंही आहे. आणखी आठ-दहा दिवस म्हणतात. तोवर पसरणार नाही का?

नाही. ही गाठ बहुधा कित्येक महिने, कधी वर्षं, वाढत आलेली असते. योग्य निदानासाठी गेलेल्या आठ-दहा दिवसांनी परिणाम बदलत नाही. महिने गेले तर बदलतो. आयएचसी म्हणजे त्याच तुकड्याला खास रंग देऊन पेशींवर कोणती प्रथिनं आहेत ते बघणारी चाचणी. तिच्यात ईआर, पीआर (ही दोन हार्मोनशी जोडलेली) आणि हर-टू अशी तीन नावं येतील. आधी ऑपरेशन की आधी केमोथेरपी, हार्मोनची गोळी चालेल का, हे त्यावर ठरतं. हर-टू ‘२+’ आला तर उत्तर अर्धवट असतं आणि फिश नावाची पुढची चाचणी लागते; तिला आणखी दिवस जातात, ते आताच धरून चला. या दिवसांत हातावर हात ठेवून बसू नका. रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट काढून झेरॉक्स करा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) आपले उपचार तिच्यात बसतात का विचारा.

पंढरपूर. बायोप्सीत ‘कर्करोग नाही’ आलं. पेढे वाटले. आता डॉक्टर पुन्हा बायोप्सी म्हणतात. हे पैसे काढायचे धंदे आहेत का?

तुम्ही सोनोग्राफीचा रिपोर्टही पाठवलात ते बरं केलंत. त्यावर ‘बायरॅड्स ५’ आहे, म्हणजे कर्करोगाची शक्यता ९५ टक्के किंवा अधिक. चित्र एक सांगतंय आणि तुकडा दुसरंच. अशा वेळी सुई गाठीच्या कडेला लागून बाजूचाच तुकडा आला असण्याची शक्यता असते. दोन्ही जुळत नसताना ‘झालं, जा घरी’ म्हणणारा डॉक्टर जास्त धोक्याचा. पुन्हा तपासणी कराच.

दुसरं मत हवं असेल तर नुसता कागद नेऊन उपयोग नाही. लॅबकडून काचा आणि मेणाच्या वड्या मागून घ्या, पोचपावतीवर सही करून. त्या घेऊन बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दाखवता येतं. वड्या गाडीत उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.

बाळे. सकाळी बायोप्सी झाली. अंघोळ कधी, भाकरी कधी?

अंघोळ उद्या, पट्टी २४ तास कोरडी ठेवून. उन्हाळ्यात घामाने भिजली तर बदला. आज रात्री घट्ट ब्रा घालूनच झोपा. बर्फ रुमालात गुंडाळून दहा-दहा मिनिटं लावा. दुखलं तर पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. काळंनिळं होईल, मग हिरवट-पिवळं होत दहा-पंधरा दिवसांत जाईल. गाठ दाबून बघू नका, मालीश नको. दाबूनही १५ मिनिटांत रक्त थांबेना, सूज भराभर वाढली, ताप किंवा पू आला, दम लागला, तर लगेच दवाखाना गाठा. पाण्याची घागर, कणीक तिंबणं, भाकरी थापणं दोन दिवस बंद. कडक भाकरी विकत आणा, शेंगाचटणी घरात असेलच.