कानाझावाला पाऊस असणारच

प्रिय पोरी,

नोव्हेंबरअखेरचे दोनच दिवस हाताशी, दोन्ही दिवस पावसाचा अंदाज. तर जपानमधलं कानाझावा शहर रद्द करू की बसचा पास काढून काचेतून बघू, असं विचारलंस. दोन्ही नको. छत्री घे आणि चाल.

पाऊस थांबायची वाट बघणाऱ्यांसाठी ते शहर नाहीच. वर्षाला सुमारे २४०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबईइतका पाऊस तिथे पडतो. पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बारा महिने येत राहतो. ‘डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस,’ असं तिथली जुनी माणसं सांगतात. हिवाळ्याच्या तोंडी ढग गडगडले, तर ‘बुरी’ नावाच्या माशांचा हंगाम आला म्हणून तिथले कोळी खूश होतात. आणि तू घाबरतेस!

मी हे शहर पहिल्यांदा एका सहलीबरोबर पाहिलं. पाऊस लागला म्हणून त्यांनी आम्हाला जुन्या वस्तीत उतरूच दिलं नाही. गुडघे तेव्हा धड होते गं. त्याची चुटपुट अजून जात नाही. घरचे म्हणतात, चालायचा हिचा हट्टच आहे. आहे. पण माझं काय चुकतं ते सांग. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर बॉम्बवर्षाव झाला नाही, त्यामुळे पूर्वी तिथे राज्य करणाऱ्या माएदा घराण्याच्या काळातल्या वाकड्यातिकड्या गल्ल्या बऱ्याच टिकल्या. तिथे बस शिरत नाही. म्हणून म्हणते, चाल.

नागामाची या जुन्या वस्तीत सामुराईंच्या, म्हणजे जुन्या काळच्या योद्ध्यांच्या, घरांच्या मातीच्या भिंती आहेत, खाली दगडी जोतं, वर कौलं. पाऊस लागला की त्यांचा पिवळसर रंग गडद होत जातो. भिंतीला लागूनच ओनोशो कालवा वाहतो आणि घराघरात जायला त्यावर छोटे पूल आहेत. तिथे उभी राहा. कौलांवरून ठिबकणारं पाणी आणि कालव्याचं पाणी, दोन्ही आवाज वेगळे ऐकू येईपर्यंत हलू नकोस.

मग ओमिचो बाजारावरून कुबोइची देवळाकडे जा. देवळामागे कुरागारीझाका नावाची अरुंद दगडी पायऱ्यांची वाट आहे, दिवसाही अंधारी. निसरडी असेल, जपून. उतरलीस की काझुएमाची ही नदीकाठची जुनी वस्ती आणि आसानो नदी. पलीकडे हिगाशी चाया, गेशांच्या चहाघरांची जुनी वस्ती. तिथलं शिमा हे १८२० सालचं चहाघर बघ. केनरोकुएन बागेत दोरांनी तोललेल्या फांद्या दिसतील. १ नोव्हेंबरपासून ते काम सुरू होतं, कारण तिथला बर्फ ओला आणि जड असतो.

एक मात्र ऐक. कोरड्या मोज्यांचे दोन जोड पिशवीत ठेव. जुन्या घरांत बूट काढावे लागतात आणि ओल्या मोज्यांनी तातामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटयांवर, पाय ठेवणं बरं नव्हे.

फोटो चांगले येणार नाहीत म्हणालीस. नाही आले तर नाही आले! टोकियोहून शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने अडीच-तीन तासांचं तर अंतर. पुन्हा अंदाज बघत बसू नकोस, तिकीट आजच काढ.

तुझी,
मावशी