तारीख दिली की दिली

परवा शिवाजी मंदिरच्या मेकअपरूममध्ये तू काजळ सांभाळत रडत होतीस आणि मी ‘पहिली घंटा झाली, आवर’ एवढंच म्हणाले. लागलं असेल तुला. म्हणून हे पत्र. फोनवर मी चिडते.

रविवारी ठाण्यात गडकरीला साडेचारचा प्रयोग. त्याच दुपारी तुझ्या मित्राचे आईवडील नाशिकहून त्याच्या मामांकडे डोंबिवलीला येणार, तुला बघायला. तर ‘ताप आलाय’ म्हणून कळवू का, एकाच प्रयोगाचा तर प्रश्न आहे, असं तू विचारलंस. नाही कळवायचं. तारीख दिली की दिली.

तू गुणी आहेस वगैरे मी लिहीत बसत नाही. पुरुषोत्तम करंडकाला, कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत, भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ म्हणून पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा मी मागे उभी होते. पण ती पोरं तुझ्या कॉलेजची होती गं. गडकरीला येणारा माणूस बदलापूरहून लोकलनं, बायकोला घेऊन, महिन्याच्या खर्चातून तिकिटं काढून येतो. तुझं नावही त्याला ठाऊक नसतं. आणि प्रयोग पडला तर निर्माता मरत नाही. बॅकस्टेजची मुलं, मेकअपवाले, तुझ्या साडीला पिना लावणाऱ्या मावशी, या सगळ्यांना प्रयोगावर नाईट मिळते, त्या प्रयोगाचे पैसे. प्रयोग नाही, तर नाईट नाही. मावशींना सांगून बघ तुझ्या तापाचं.

मालिकेचंही तेच. जायचं तर खुशाल जा, पोट मलाही होतं. पण आधी सांग, बदलीच्या मुलीची तालीम होऊ दे, मग जा.

माझं ऐकलं असशील कुणाकडून तरी. कोल्हापूरला केशवराव भोसलेमध्ये प्रयोग होता आणि त्याच रात्री एकजण सहार विमानतळावरून मस्कतला जाणार होता. ‘एकदा ये, बोलू’ म्हणाला होता. मी कोल्हापूरला गेले. पुढे त्याची सहा पत्रं आली, सातव्या पाकिटात लग्नपत्रिका. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, इलाज नव्हता, तारीख दिली होती. तुला खरं सांगते. बदली मुलगी होती. तिचं पाठांतर चोख होतं, दोन तालमीही झाल्या होत्या. मीच तिला उभं राहू दिलं नाही. तिनं टाळी घेतली असती तर, ही धास्ती होती मला.

म्हणजे तत्त्व खोटं होतं असं नाही! पुन्हा वेळ आली तरी मी कोल्हापूरचीच गाडी पकडीन. (बहुतेक.) १९११ साली मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली, आणि ते रंगभूमीवर उभे राहिले. ही गोष्ट सांगून सांगून आम्हाला घडवलं. पूर्वी ऐकताना ऊर भरून यायचा. हल्ली मनात येतं, त्या दुपारी त्या मुलीच्या आईजवळ कोण बसलं असेल? तालमीत हे कुणाला विचारायची सोय नव्हती.

असो. तुझं कुणी गेलेलं नाही, नुसती चहापोह्यांची वेळ आडवी आलीय. बावीस प्रयोग झाले, त्यातल्या एकाला तो आला आणि मध्यंतरात उठून गेला. शेवटची गाडी होती म्हणे. मला त्या मुलाचा राग नाही. पण दुसऱ्या अंकात तू काय करतेस ते ज्यानं पाहिलंच नाही, तो घरी कुणाची ओळख करून देणार आहे? आईवडील तुला बघायलाच येतायत ना? मग बघू देत. डोंबिवलीहून ठाणं असं कितीसं लांब आहे! प्रयोग संपल्यावर रंग उतरवून मामांकडे जा, चहा काय रात्रीही होतो. ते नाहीच म्हणाले तर ते तुला रविवारीच कळेल. मला कळायला सहा पत्रं लागली.

चार पास तुझ्या नावानं बुकिंगच्या खिडकीवर ठेवायला सांगितलेत, पाचवी रांग. आणि दाराशी उभी राहून जे वाक्य म्हणतेस ना, ते अजून विंगेत पडतंय, प्रेक्षकांपर्यंत जात नाही. तीनला पोहोच, पडदा उघडायच्या आत दोनदा करून घेऊ.