‘कलिल’ कुठून आलं?

नागपुरातल्याच एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या आठवीच्या विज्ञानात ‘कलिल’ हा शब्द आला, म्हणजे एका पदार्थात दुसऱ्याचे न विरघळलेले अतिसूक्ष्म कण पसरलेलं मिश्रण, इंग्रजीत कोलॉइड. तो ‘कोलॉइड’चा अपभ्रंश आहे का, त्यातला ‘लि’ ऱ्हस्व कसा, आणि पायस म्हणजे कलिलच का?

ताई, अपभ्रंश मुळीच नाही. कलिल हा जुना संस्कृत शब्द. मिसळलेलं, दाट, वाट काढायला कठीण असं गहन, हे त्याचे अर्थ. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ५२व्या श्लोकात ‘मोहकलिल’ आहे. बुद्धीला पार करायचं आहे ते मोहाचं दाट रान. संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून ‘गणित’प्रमाणे याचाही उपान्त्य इकार ऱ्हस्व. ‘कलील’ लिहू नये. लिंग नपुंसक, ते कलिल.

कोलॉइड हे नाव रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ साली दिलं. ग्रीक ‘कोल्ला’ म्हणजे सरस. पाण्यात विरघळलेली साखर किंवा मीठ चर्मपत्राच्या पडद्यातून सहज पार होई, सरस आणि डिंक अलीकडेच अडकत, त्यावरून हे नाव. पण धूर किंवा ताकावरचा फेस कुठे सरसासारखा चिकटतो? म्हणून मला मराठी नाव जास्त चपखल वाटतं. ज्याने निवडलं त्याने उच्चारातलं साम्य हेरलं असणारच, पण अर्थही नेमका साधला. हिवाळ्यात भल्या पहाटे फुटाळा तलावाच्या काठाने गाडीवर निघालात की हेडलाइटचा पांढरा झोत समोर उभाच राहतो. उजेड धुक्यात शिरतो आणि थेंबाथेंबावर विखुरतो, पलीकडचा रस्ता दिसत नाही. कलिल ते हेच. मिठाच्या पाण्यात बॅटरी मारून पाहा, झोत दिसायचा नाही, कारण तिथले कण फारच बारीक. कलिलातले कण साधारण १ ते १००० नॅनोमीटरचे. धुक्यातले थेंब खरं तर याहून बरेचदा मोठे असतात, तरी पुस्तकं त्याला कलिलातच धरतात.

मुलीला समजावायला पाटवडी घ्या. बेसन गार पाण्यात कालवून वाटी तशीच ठेवली तर थोड्या वेळाने पीठ तळाशी बसतं. हे निलंबन. तेच बेसन फोडणीच्या उकळत्या पाण्यात घोटलं की पिठातला स्टार्च फुगतो आणि पाणी धरून बसतो. ताटात थापून वड्या कापल्या तरी पाणी बाहेर येत नाही. म्हणजे पाणी घनाच्या जाळ्यात अडकलं, त्याला जेल म्हणतात. दही लागतं तेव्हाही हेच होतं, फक्त जाळं प्रथिनांचं.

आता पायस. एका द्रवात दुसऱ्या, त्यात न मिसळणाऱ्या द्रवाचे बारीक थेंब, तेवढ्यालाच पायस म्हणायचं. म्हणजे तो कलिलाचा एक प्रकार. प्रत्येक पायस हे कलिल, प्रत्येक कलिल पायस नव्हे. शब्द ‘पयस्’वरून, म्हणजे दुधावरून. गंमत अशी की पायसाचं इंग्रजी नाव ‘इमल्शन’ही लॅटिनमधल्या दूध काढण्याच्या क्रियापदावरून आला. दोन्हीकडच्या माणसांना दूधच आठवलं. दुधात पाण्यामध्ये स्निग्धाचे थेंब, लोण्यात उलट, स्निग्धामध्ये पाण्याचे.

आपल्या पोह्यांवरच्या तर्रीला मात्र पायस म्हणू नका. पळी फिरवली की लाल तेलाचे थेंब रश्शात पसरतात, पळी थांबली की एकमेकांना भेटत पुन्हा वर जमतात. दुधातल्या थेंबांभोवती प्रथिनांचं आवरण असतं, ते त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. रश्शात तेलाच्या थेंबांना तसं पुरेसं आवरण मिळत नाही, म्हणून तर तेल वर येतं आणि पोहेवाल्या भाऊला पळीने वरच्यावर तर्री काढता येते.