इलेक्ट्रिक गिटारच्या तारा फार कडक लागतात. ट्रस रॉड सैल केल्यास ताण कमी होईल का?

नाही. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) आत बसवलेली धातूची सळई, सैल केल्याने तारांचा ताण कमी होत नाही. उलट नेक पुढच्या बाजूला वाकते, तारा फ्रेटबोर्डापासून आणखी वर उचलल्या जातात आणि गिटार आहे त्यापेक्षा जड लागू लागते. तुम्ही लिहिले आहे की गिटार स्ट्रॅटोकास्टर धाटणीची आहे, वापरलेली घेतली आहे, स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये, म्हणजे नेहमीच्या स्वरांत लावलेली आहे, पहिल्या तीन फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा दाबताना बोटे दुखतात आणि फुल बेंड, म्हणजे तार बोटाने आडवी ढकलून दोन फ्रेट पुढचा स्वर, काही केल्या गाठता येत नाही. या वर्णनात मला दोन वेगळ्या तक्रारी दिसतात आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी आहेत, म्हणून कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी त्या वेगळ्या करून पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तारेचा खरा ताण तीनच गोष्टींनी ठरतो: तार किती जाड, म्हणजे किती वजनाची आहे, नटपासून (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत (शरीरावरच्या तारांच्या आधारापर्यंत) ती किती लांब आहे, आणि ती कोणत्या स्वराला लावली आहे. या तिन्ही गोष्टी कायम ठेवून ताण कमी करणारा एकही स्क्रू गिटारवर नसतो. स्ट्रॅटोकास्टरची तार नट ते ब्रिज ६४८ मिलिमीटर असते आणि लेस पॉल या दुसऱ्या प्रसिद्ध गिटारची सुमारे ६२८, त्यामुळे तारांचा तोच सेट त्याच स्वराला लावला तरी स्ट्रॅटोकास्टरवर ताण सुमारे ६ टक्के जास्त पडतो. लांबी तुम्हाला बदलता येणार नाही. जाडी आणि स्वर मात्र तुमच्या हातात आहेत. दहाचा सेट म्हणजे ज्याची पहिली तार इंचाच्या १० हजारांश जाडीची आहे तो. स्ट्रॅटोकास्टरवर त्या तारेचा ताण सुमारे ७.३ किलो असतो, तर नऊच्या सेटमधल्या पहिल्या तारेचा सुमारे ६ किलो. संपूर्ण सेट धरला तर दहाच्या तारा नेकला साधारण ४७ किलोने ओढतात आणि नऊच्या साधारण ३८ किलोने. कागदावर एक हजारांश इंच काहीच वाटत नाही, पण जाडी दहावरून नऊवर आली की पहिल्या तारेचा ताण जवळजवळ एक पंचमांशाने उतरतो आणि बोटांना तो फरक पहिल्याच बेंडमध्ये कळतो.

दुसरा मार्ग सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवण्याचा. त्याने ताण ११ टक्क्यांनी कमी होतो. जिमी हेंड्रिक्स अनेकदा याच ट्यूनिंगमध्ये वाजवत असत आणि तेराच्या जाड तारांसाठी ओळखले जाणारे स्टीव्ही रे वॉनही गिटार अर्धा स्वर उतरवूनच वाजवत. अर्थात त्यांचे पाहून कोणी जाड तारा चढवू नयेत. अर्धा स्वर उतरवूनही तेराची तार स्टँडर्ड ट्यूनिंगमधल्या दहाच्या तारेपेक्षा सुमारे दीडपट ताणाची असते.

वापरलेल्या गिटारवर आधीच्या मालकाने कोणता सेट चढवला होता हे आपल्याला माहीत नसते, म्हणून आधी ते तपासावे. सर्वांत सोपी खूण तिसऱ्या तारेवर, म्हणजे ‘G’ तारेवर, मिळते. ती दुसऱ्या तारेसारखी गुळगुळीत असेल तर सेट बहुधा इलेक्ट्रिक गिटारचा नेहमीचा आहे. तिच्यावर बारीक तारेचे वेटोळे असेल आणि जाड तारांचा रंग तांबूस-सोनेरी असेल, तर गिटारवर अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या गिटारचा सेट चढवलेला आहे, आणि तो बहुधा अकराचा किंवा बाराचा असतो. वेटोळ्याची ‘G’ तार बेंडला दाद देत नाही. बोट कितीही नेटाने ढकलले तरी स्वर फारसा वर सरकत नाही. खात्रीसाठी व्हर्नियर कॅलिपर लावून पहिली तार मोजावी: ०.२३ मिलिमीटर म्हणजे नऊची, ०.२५ म्हणजे दहाची, ०.२८ म्हणजे अकराची. तुमची दुसरी तक्रार, म्हणजे बेंड न होणे, बहुतेक याच पायरीवर सुटेल, असा माझा अंदाज आहे.

पहिल्या तीन फ्रेटवरची तक्रार मात्र मला नटची वाटते, आणि या विषयात सर्वांत दुर्लक्षित भाग तोच आहे. लोक ब्रिज खाली करत राहतात, तारा बाराव्या फ्रेटजवळ खडखडू लागतात आणि तरीही पहिल्या फ्रेटवर बोट दुखतेच, कारण तिथली उंची ब्रिजने नव्हे तर नटने ठरते. परीक्षा सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि त्याच्या पुढे वाजवून पाहा. गिटार एकदम मऊ झाल्यासारखी वाटली, तर दोष नटमध्ये आहे. मग कॅपो काढा, दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये एक तार दाबून धरा आणि त्याच तारेच्या पहिल्या फ्रेटवरच्या फटीकडे डोळा अगदी बाजूला नेऊन पाहा. तिथे कागद जेमतेम सरकेल इतकीच फट असावी. बोटाने हलके टिचकावले की तार फ्रेटवर बारीक ‘टक्’ असा आवाज करते. त्या फटीतून व्हिजिटिंग कार्ड सहज जात असेल, तर खाच उथळ आहे आणि तार गरजेपेक्षा वर आहे. ट्यूनरही हेच सांगतो: मोकळी तार अचूक असूनही पहिल्या फ्रेटवरचा स्वर स्पष्टपणे चढा दाखवतो, कारण दाबताना तार जादा ताणली जाते. स्वस्त गिटारवर ही उंची कारखान्यातूनच जास्त ठेवलेली असते, कारण उंच नटची गिटार दुकानात खडखडत नाही.

खाच खोल करण्यासाठी त्या त्या तारेच्या जाडीची नटची कानस लागते. साधी कानस किंवा पॉलिश पेपर यांनी खाच रुंद होते आणि तार तिच्यात सैल बसून झिणझिणते. खाचेचा तळ खुंट्यांच्या दिशेने किंचित उतरता असावा लागतो, म्हणजे तार फ्रेटबोर्डाच्या बाजूच्या कडेवर टेकते. एका जादा फटकाऱ्याने मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासू लागते आणि मग नटच बदलावा लागतो. ही कानस हाताशी नसेल तर एवढे एक काम गिटार दुरुस्त करणाऱ्या माहितगाराला द्यावे, असे मी मनापासून सांगेन.

नटला हात लावण्यापूर्वी मात्र नेकचा बाक ठीक करून घ्यावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळची फट पाहा. ती साधारण ०.२५ मिलिमीटर असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव वेढा घट्ट करा, तारा पुन्हा सुरात लावा, काही वेळ थांबा आणि परत मोजा. चावी जोर मागत असेल तर तिथेच थांबावे. मुंबईत आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि बाक बदलतो, त्यामुळे ही तपासणी ऋतू पालटताना पुन्हा करावी लागते. त्यानंतर ब्रिजवरची सॅडल (प्रत्येक तार जिच्यावर टेकते तो छोटा तुकडा) छोट्या अ‍ॅलन कीने फिरवून सतराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिलिमीटरवर, सुताराच्या मापात अर्ध्या सुतावर, आणावी. याहून फार खाली जाऊ नये. तार अगदी टेकलेली असली की बेंड करताना बोटाच्या टोकाला तिच्याखाली पकड मिळत नाही आणि वरच्या फ्रेटवर स्वर मध्येच मरतो.

तुमच्या गिटारचा ब्रिज तरंगता असेल, म्हणजे मागून शरीरापासून थोडा उचललेला असेल, तर आणखी एक गोष्ट घडते. एक तार बेंड केली की ब्रिज पुढे झुकतो आणि हवा तो स्वर गाठण्यासाठी तार अधिक लांब ढकलावी लागते. मागच्या झाकणाखालचे, ब्रिजच्या स्प्रिंगा ओढून धरणारे दोन लांब स्क्रू घट्ट करून ब्रिज शरीरावर टेकवला की हा अपव्यय थांबतो. अधिक स्प्रिंगा लावल्याने सुरातल्या तारेचा ताण वाढतो, हा समज मात्र चुकीचा आहे.

गंजलेल्या तारा आणि खरबरीत फ्रेट यांचाही अडथळा ताणासारखाच जाणवतो. बेंड करताना करकर जाणवत असेल तर पिकअप (तारांखालचे चुंबकाचे भाग) चिकटपट्टीने पूर्ण झाकून, नाहीतर लोखंडी कीस चुंबकाला चिकटून बसतो, फ्रेट अतिबारीक स्टील वूलने घासून चकचकीत करावेत.

नऊचा सेट चढवल्यावर नेकवरची ओढ कमी होऊन ती मागे सरळ होते. तारा नटजवळच्या फ्रेटवर खडखडू लागल्या तर ट्रस रॉड पाव वेढा सैल करावा. तुम्ही विचारलेली कृती करण्याची योग्य वेळ हीच. शेवटी प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा स्वर ट्यूनरवर पाहावा आणि तो चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे सरकवावे.