वाचकांचे प्रश्न : लॅटिनचा श्रीगणेशा

प्रश्न : शाळेत दहावीपर्यंत संस्कृत होते. आता घरीच लॅटिन शिकायचे आहे. आधी व्याकरण पाठ करावे, की रोमन लेखकांचे उतारे वाचावेत? – एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : दोन्ही सोबत, पण तक्ते थोडे आणि उतारा लवकर. नामांच्या ५ गणांपैकी पहिले २, वर्तमानकाळ आणि आज्ञार्थ एवढे पक्के झाले की थांबू नका. विभक्ती म्हणजे काय हे तुम्हाला नव्याने समजावून घ्यायचे नाही आणि लॅटिनमध्ये द्विवचनही नाही. विभक्ती ६ आहेत. खरी अडचण त्यांतल्या ‘अ‍ॅब्लेटिव्ह’ या एकीची : पंचमी, तृतीया आणि बरीचशी सप्तमी या तिघींचे काम ती एकटीच करते. तक्ता घोकून हे अंगवळणी पडत नाही.

म्हणून पहिला उतारा पाककृतीचा घ्या. रोमन लेखक थोरल्या कॅटोचा इ.स.पू. १६०च्या सुमाराचा ‘दे अग्री कुल्तूरा’ (‘शेतीविषयी’) हा संपूर्ण टिकलेला सर्वांत जुना लॅटिन गद्यग्रंथ. त्याच्या ७५व्या प्रकरणात देवांना वाहायच्या चीजच्या केकची, लीबुमची कृती आहे. सुरुवात अशी : ‘लीबुम होक मोदो फकितो’, म्हणजे ‘लीबुम या रीतीने करावा’. ‘होक मोदो’ ही तृतीया. पुढे २ पौंड चीज ‘इन मोर्तारिओ’ (खलात) वाटायचे, ही सप्तमी. पीठ ‘कुम कासेओ’ (चीजसोबत) मिसळायचे, ही सहार्थी तृतीया. विभक्ती एकच, कामे निराळी, आणि प्रत्येक काम डोळ्यांसमोर घडणारे. ‘फकितो’, ‘अद्दितो’ ही रूपे आपल्या पाककृतींतल्या ‘करावे’, ‘घालावे’सारखी आहेत, रोमन कायद्यांतही तीच येतात.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. ‘फरीनाय’ (पीठ) हे रूप षष्ठी एकवचन, चतुर्थी एकवचन आणि प्रथमा बहुवचन असे तिन्ही असू शकते. तक्त्यात पहिले सापडेल ते उचलले की वाक्य फसते. शेजारी ‘लीब्रम’ हे माप आहे, तेव्हा षष्ठी : पिठाचा १ पौंड. मराठीत आपण ‘किलोभर पीठ’ म्हणतो, षष्ठी लावत नाही; म्हणूनच ती नजरेतून सुटते.

वस्तू माहीत नसली तरी अर्थ चुकतो. केक ‘सुब तेस्तू’ भाजायचा. तेस्तू म्हणजे मातीचे झाकण. चुलीच्या तापलेल्या जागेवर पानांवर केक ठेवून तो या झाकणाखाली झाकायचा आणि झाकणावर निखारे रचायचे. हे ठाऊक नसलेला वाचक केक भांड्याच्या बुडाखाली ढकलतो. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा, त्यामुळे चीज साधारण ६५० ग्रॅम, मैदा त्याच्या निम्मा आणि अंडे १. ताजे पनीर चालेल. करून पाहाच, शब्द विसरणार नाहीत.

इंग्रजीतून शिकणारे आधी क्रियापद शोधून शब्द पुढेमागे करतात. तुम्ही ते करू नका. लॅटिन गद्यातही क्रियापद बहुधा शेवटी येते. मोठ्याने, डावीकडून उजवीकडे वाचत त्याची वाट पाहा. यानंतर सीझरचे गद्य वाचा. कवी व्हर्जिल वर्षभर तरी लांब ठेवा, कारण पद्यात विशेषण ओळीच्या एका टोकाला आणि नाम दुसऱ्या टोकाला असू शकते, आणि त्यांना जोडणारी फक्त विभक्ती असते.

प्रश्न : रोमन वक्ता सिसेरो याच्या नावाचा उच्चार ‘सिसेरो’, ‘चिचेरो’ की ‘किकेरो’? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : प्राचीन रोममध्ये ‘किकेरो’. ‘चिचेरो’ हा चर्चच्या परंपरेतला, ‘सिसेरो’ इंग्रजीचा. रोमन साहित्यासाठी पहिला धरा आणि वहीत देवनागरीत लिहा. ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक, ‘लीबेर’ म्हणजे स्वतंत्र. हा फरक आपली लिपी आपोआप दाखवते.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. रोमन लोकांचे द्राक्षशेतीवरचे लेखन मुळातून वाचता येईल का? – एक बागायतदार, निफाड

उत्तर : जरूर, आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यापेक्षा तुम्हाला ते लवकर कळेल. पहिल्या शतकातल्या कोलुमेल्लाच्या शेतीवरील १२ खंडांपैकी तिसरा आणि चौथा मुख्यतः द्राक्षवेलीवर आहे. आधी हे शब्द : ‘वीतिस’ वेल, ‘पाल्मेस’ काडी, ‘गेम्म’ डोळा, ‘पुतातिओ’ छाटणी, ‘फाल्क्स’ छाटणीचा कोयता. चौथ्या खंडात या कोयत्याच्या प्रत्येक भागाचे वेगळे नाव आणि काम दिले आहे. तो उतारा सोडू नका. ‘यूगेरुम’ हे क्षेत्र जवळजवळ २५ गुंठे. ७ यूगेरुमला एक माळी पुरतो, असे तो सांगतो. म्हणजे ४ एकर १५ गुंठ्यांच्या आसपास.

दोन ठिकाणी सांभाळा. इटलीत वेल हिवाळ्यात पाने गाळून सुप्त होते आणि छाटणी वर्षातून एकदाच. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळांसाठी). ‘पुतातिओ’ वाचताना यांपैकी कोणतीही एक मनात धरली तर पुढचा सल्ला जुळणार नाही. दुसरे म्हणजे तारखा. रोमन मोजणीत दोन्ही टोके धरतात. मार्चचे ‘ईदूस’ (महिन्याच्या मध्याचा ठरलेला दिवस) १५ तारखेला, तर ‘ईदूसच्या आधीचा तिसरा दिवस’ १३ मार्च, १२ नव्हे. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबर सोडून इतर महिन्यांत ईदूस १३ तारखेला येते.