जुन्या दगडी वास्तू वाचवायच्या आहेत, मग सिव्हिल की आर्किटेक्चर?

सप्रेम नमस्कार,

आपलं पत्र मिळालं. मुलगी यंदा बारावी झाली. उमरग्याजवळच्या तुमच्या वाड्याची १९९३ ची पडझड तिनं आजीकडून ऐकली आहे, आणि आता जुन्या दगडी वास्तू भूकंपात टिकवण्याचंच काम करायचं म्हणते. यात पोट भरेल का आणि सिव्हिल घ्यावं की आर्किटेक्चर, असं तुम्ही विचारता.

माझं मत सिव्हिल. वास्तूचं मूळ रूप कसं राखावं हा प्रश्न आर्किटेक्टचा. तिला मात्र भिंत का पडली हे जाणून घ्यायचं आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता, जगाच्या मानानं मध्यमच. तरी सुमारे ८,००० माणसं गेली. तिथल्या घरांच्या जाड भिंती प्रत्यक्षात दोन पदरी होत्या. आत-बाहेर दगड, मधे चिपा आणि माती, आणि दोन्ही पदर जोडणारे आरपार दगड जवळजवळ नाहीतच. हादरा बसला की पदर सुटतात, भिंतीला पोट येतं, आणि वरून माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, माती कोसळते. वर्षानुवर्षं गळती थांबवायला टाकलेली पांढरी माती हे केवढं ओझं! अशा घरांचे उपाय ठाऊक आहेत: माळवद हलकं करणं, भिंतीला आरपार भोकं पाडून सळई-काँक्रीटनं पदर सांधणं, चारही भिंतींना सलग पट्टा बांधणं.

ऐतिहासिक वास्तूत हेच डोळे झाकून करता येत नाही. इटलीत असिसीच्या बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चमध्ये, सप्टेंबर १९९७ मध्ये पहिल्या धक्क्याचं नुकसान पाहायला माणसं आत गेली होती. दुसऱ्या धक्क्यात छताच्या कमानी कोसळून चौघं दगावले. कमानींवर शतकानुशतकं साचलेला राडारोडा हे एक मोठं कारण ठरलं. ओझं कुठे दडलंय हे आधी शोधणारा इंजिनिअर हवा, आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासू नका असं ठेकेदाराला ठणकावणाराही.

पदवीनंतर 'गेट' ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी रुरकीत भूकंप अभियांत्रिकीचं एम.टेक. करता येतं. आयआयटी मद्रासमध्ये वारसा वास्तूंच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय केंद्र आहे. युरोपातली काही विद्यापीठं मिळून नेमक्या याच विषयाची पदव्युत्तर पदवी देतात, पण तो खर्च आताच डोक्यात घेऊ नका.

पोटाचं स्पष्ट सांगतो. सरकारी जागा थोड्या, संवर्धनाची कामं निविदेनं मिळतात, त्यामुळे सुरुवातीची वर्षं तिला साध्या इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइनच करावं लागेल. ते शिक्षण वाया जात नाही. फक्त 'आधी सॉफ्टवेअर, मग बघू' असं तिला म्हणू नका. गणित आवडणारी आणि दगडाकडे ओढ असणारी मुलं मला फार कमी भेटतात.

प्रवेश होईपर्यंत तिला एखाद्या जुन्या गवंड्याबरोबर दगडकामावर पाठवा. वाड्याची भिंत शिल्लक असेल तर तिची जाडी, दगडांचे थर, आरपार दगड कुठे आहेत हे तिला वहीत काढू द्या. मोडकळीला आलेल्या भागाखाली मात्र जाऊ देऊ नका.